देश, काल, पात्र आणि स्नायूंचा क्षय

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र ही तीन पदे लावली आहेत. परतफेडीची अपेक्षा नको, हेही तेथेच सांगितले आहे. ही पदे आम्ही कीर्तनात कितीदा तरी फोडून सांगितली असतील. पण 'पात्र' म्हटले की आपले लोक घेणाऱ्याची लायकी तपासू लागतात. अहो, पात्र म्हणजे मुळात भांडे! भांडे केवढे, त्यात काय टिकेल, हे पाहून ओतणाऱ्याने ओतावे. हा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून आज एका आजाराचे उदाहरण घेऊ.

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे त्याचे डॉक्टरी नाव. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांत एकाला हा स्नायुक्षय होतो. पोर तीन-चार वर्षांचे झाले की वारंवार पडू लागते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे घरचे म्हणतात, आळशी आहे, चार जोर काढायला लावा. तसे करू नये. जबरीच्या व्यायामाने हे स्नायू अधिकच झिजतात. दहा-बारा वर्षांच्या सुमारास चालणे थांबते, मग हात जातात, पुढे श्वास आणि हृदय.

स्नायूंना बळकटी देणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही. दोष जनुकात असतो. तो पुष्कळदा आईकडून आलेला असतो आणि तिला त्याची गंधवार्ताही नसते. सुमारे एक तृतीयांश मुलांत तर तो नव्यानेच उपजतो. येथे कोणी पूर्वजन्मीचे पाप काढील. कर्मसिद्धान्त आपले स्वतःचे आचरण सुधारण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पोरावर निकाल देण्यासाठी नव्हे. त्या माउलीच्या कुशीला बोल लावायचा असेल, तर वाचकहो, घरी जाऊ नका, पैसे मनिऑर्डरीने पाठवा!

आता काल. आपल्याकडे दान एका दिवसात उरकते. चाकांची खुर्ची, हार, फोटो, झाले. पण मूल वाढते, खुर्ची वाढत नाही. मापाबाहेरच्या खुर्चीत बसून पाठीचा कणा वाकतो. या आजारावर पुरता बरा करणारा उपाय अजून नाही. (खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्याच्या झोळीत वर्गणी टाकू नये.) तरी स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चालणे काही काळ लांबते, हृदयाची औषधे आणि रात्री श्वासाला आधार देणारे यंत्र यांनी आयुष्य वाढते. पूर्वी विशीच्या आत जाणारी मुले आता तिशीपर्यंत, कित्येकदा पुढेही जगतात. म्हणजे दानही तितकी वर्षे चालले पाहिजे. एकदाच पंचवीस हजार देणाऱ्या शेठजींपेक्षा महिना शंभर रुपये न चुकता देणारी वीस घरे येथे अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे. श्वासाचे यंत्र दिले आणि रात्री गावाची वीज गेली तर काय? त्याबरोबर इन्व्हर्टर आणि बॅटरीही दिली पाहिजे. गोळ्यांनी भूक आणि वजन वाढते, म्हणून प्रेमाने पेढ्यांचा पुडा नेऊ नका. त्या मुलाला उचलणारी आई आधीच कमरेतून गेलेली असते. आठवड्यातून एक रात्र तिच्याऐवजी कोणी जागून मुलाला कूस बदलून दिली, तर त्याची पावती फाडता येत नाही, एवढेच.

परतफेडीचे म्हणाल, तर ती पैशातच मागितली जाते असे नाही. अमेरिकेत जेरी लुईस नावाचे विनोदी नट १९६६ पासून २०१० पर्यंत दरवर्षी दूरदर्शनवर या रोग्यांसाठी निधी जमवीत. पैसा अफाट जमला. परंतु १९९० च्या दशकात मोठी झालेली काही रुग्णमंडळीच विरोधाला उभी राहिली: आम्हाला केविलवाणे करून मांडू नका. देणाऱ्याला रडू यावे म्हणून घेणाऱ्याने दीन दिसायचे, हीसुद्धा परतफेडच नव्हे काय?

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचा समावेश आहे. दाखल्यासाठी खेपा घालणारे घरात कोणी नसते. ते काम गावातल्या शिकल्या-सवरल्या पोराने अंगावर घ्यावे.

राहिला देश. देवळाला पायऱ्या आहेत आणि खुर्चीला चाके. एक फूट चढाला निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो. कमी केला तर खुर्ची ढकलणाऱ्याला झेपत नाही आणि उतरताना ती सुटते. मंडपाची वर्गणी काढाल तेव्हा गवंड्याला हे माप आधीच सांगून ठेवा.