आवाहनातील एक शब्द

नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्या मुलांसाठी मागितलेला निधी ज्या शब्दांत मागितला जातो, त्या शब्दांनीच तो पुढे बांधला जातो. विशिष्ट कारण सांगून जमवलेल्या, आणि म्हणून त्याच कारणासाठी खर्च करावयाच्या रकमेला उद्दिष्टबद्ध निधी म्हणतात. पत्रक लिहिणाऱ्यांना मात्र या संज्ञेचा अर्थ बहुधा हिशेबतपासनीस समोर बसल्यावरच उमगतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे थर देऊन केलेली सपाट छपरे, झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. मागे राहिलेल्या मुलांची दीर्घकालीन जबाबदारी ज्यांनी घेतली, त्यांत सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणणारी शांतिलाल मुथ्था यांची भारतीय जैन संघटना आणि नळदुर्गचे ‘आपलं घर’ यांचा उल्लेख आवश्यक आहे. त्याच सुमारास शहरोशहरी लहान लहान समित्याही निघाल्या. पुण्यातील अशा एका समितीचे चिटणीसपद प्रस्तुत लेखकाकडे होते, आणि पुढील विवेचनाचा आधार त्या समितीच्या चुका, त्यातही मुख्यतः लेखकाची स्वतःची एक चूक, हाच आहे.

समितीचे पत्रक लेखकाने अर्ध्या तासात लिहिले व त्यात ‘भूकंपात अनाथ झालेल्या बालकांसाठी’ अशी शब्दयोजना केली, कारण ‘अनाथ’ म्हटले की देणाऱ्याचा हात सैल होतो, हे दारोदार फिरून वर्गणी गोळा केलेल्या कोणालाही ठाऊक असते. पैसा आला, परंतु कार्यकर्ते पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत पोहोचले, तेव्हा त्यांना आईबाप दोन्ही गमावलेली मुले थोडी, आणि एक पालक उरलेली किंवा आजी-चुलत्यांनी आधीच पदरात घेतलेली मुले पुष्कळ आढळली. या दुसऱ्या गटाला मदत देण्यास कोषाध्यक्षांनी हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. दात्यांना पुन्हा गाठून त्यांची लेखी संमती मिळवेपर्यंत शाळेचे एक सत्र उलटून गेले. विलंबापेक्षाही गंभीर परिणाम वेगळाच होता. मदत केवळ अनाथांनाच मिळते ही वार्ता निवाऱ्यांत पसरल्यावर काही विधवा मातांनी मुलाच्या अर्जातील आईच्या नावाचा रकाना कोरा ठेवला, आणि मुलाला मावशी म्हणून कार्यालयात घेऊन आलेली बाई त्याची आईच असल्याचे मागाहून कळले. मुलाला मदत मिळावी म्हणून आईने कागदावर मरावे, अशी अट समितीने जाणूनबुजून घातली नव्हती. पण पत्रकाने ती घातली होती.

म्हणून आवाहनात ‘आपत्तीमुळे आधार गमावलेली किंवा आधार अपुरा पडलेली मुले व त्यांचा सांभाळ करणारी कुटुंबे’ अशी व्यापक भाषा वापरावी, आणि शिल्लक रक्कम कोठे वळवली जाईल तेही त्याच पत्रकात छापावे. असे केल्याने ओघ थोडा मंदावतो, हे मान्य करावे लागेल. ‘अनाथ’ कोण, हे ठरवण्याचे काम तर समितीचे नाहीच. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये त्याची व्याख्या आहे, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबाबत निर्णय घेण्यासाठी जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. याच कायद्यानुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असे नाव वा छायाचित्र माध्यमांत प्रसिद्ध करण्यास मनाई असल्याने, रडत्या चेहऱ्याचे फलक लावून निधी मागण्याची जुनी रीत आता सोडावी लागते, आणि ती आधीच सोडायला हवी होती.

पावत्यांना अनुक्रमांक असावेत, नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी, परदेशस्थ मराठी मंडळांकडून येणारी रक्कम परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणीशिवाय स्वीकारू नये, या गोष्टी सर्वश्रुत आहेत आणि तरीही मोडल्या जातात.

मुदतीचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. दात्याची करुणा काही आठवडे टिकते, तर मुलाचे वाढणे पंधरा वर्षे चालते. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपाने आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने समाजाचे लक्ष नव्या मुलांकडे गेले, तेव्हा १९९३ च्या भूकंपाच्या वेळची तान्ही बालके अजून शाळेतच होती. यावर उपाय म्हणजे कायम निधी, अर्थात मूळ रक्कम राखून केवळ तिच्या उत्पन्नातून खर्च भागवण्याची व्यवस्था. मात्र आयकर कायद्यानुसार त्यासाठी दात्याचा स्पष्ट निर्देश लागत असल्याने, तसे लेखी निर्देशपत्र पहिल्याच पावतीबरोबर घ्यावे, कारण वर्षभराने तोच दाता सापडत नाही. समितीने ते घेतले नव्हते. तिचे अखेरचे पावतीपुस्तक १९९५ मध्ये संपले, आणि त्याच वर्षी तिच्या यादीतील सर्वांत धाकटे मूल पहिलीच्या वर्गात दाखल झाले.