हौस त्याची, टब कोण घासणार?

अगं, टेरेसवर गार पाण्याचा टब घ्यायचं चाललंय म्हणालीस, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि तुझ्या शेजारी तुझा नवरा नचिकेत होता. म्हणून नुसतं ‘वा, छान’ म्हटलं. आता आपल्या दोघींतलं बोलते.

टब वाईट नाही. आमच्याकडे आहे आणि मी आवडीने उतरते त्यात. बाहेर आल्यावर जी तरतरी येते ती खोटी नाही. पण टब घरात येतो तो एक नवं काम घेऊन येतो, आणि आपल्याकडे नवं काम शेवटी कुणाच्या गळ्यात पडतं हे तुला वेगळं सांगायला नको.

आधी वजन बघ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशे लिटर पाणी, त्यात बसलेला तुझा नवरा, वर टब आणि पाणी गार करणारा चिलर, असे सव्वाचारशे किलो जेमतेम एका चौरस मीटरवर येतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि बाल्कनीसाठी ३०० किलो भार धरतात. म्हणून लगेच स्लॅब खाली येईल असं नाही, पण टब कुठे ठेवायचा हे विकणाऱ्याला विचारू नकोस, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचार. पुढे काढलेल्या बाल्कनीच्या कठड्याजवळ तर नकोच. सोसायटीची परवानगी लेखी घे.

मग बर्फाचा हिशेब. ‘चिलर महाग वाटतो? बर्फ टाका की!’ असं कुणीतरी सांगेलच. तीनशे लिटर पाणी २८ अंशांवरून १२ अंशांवर आणायला जवळजवळ ५० किलो बर्फ लागतो. फ्रीजमधल्या ट्रेचं ते काम नाही. लादी आणा, फोडा, ओता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यातही निळा बर्फ स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. जो खाण्यालायक नाही तोच निळा रंगवतात. त्याच्या पाण्याचा भरवसा नाही. कधीतरी रविवारी बसायचं असेल तर बर्फ ठीक, रोजचं असेल तर चिलरच घ्या. तेवढंच पाणी गार करायला त्याला दोन-अडीच युनिट पुरतात, पण गार ठेवायलाही तो चालत राहतो, आणि मे महिन्यात जास्तच. तो गरम हवा बाहेर टाकतो, तेव्हा त्याला कोपऱ्यात कोंडू नका. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसव. ओलं अंग आणि वीज एका जागी आहेत, इथे काटकसर नको.

आता खरं काम. गार पाण्यात जंतू वाढत नाहीत हा गोड गैरसमज आहे. त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. पाणी काचेसारखं दिसत असतं, पण पाण्याच्या रेषेलगत टबाच्या आतून बोट फिरव. बुळबुळीत लागलं की समज, थर धरायला लागलाय. आतून पुसून, घासून काढावाच लागतो तो. फिल्टरची घडी उलगडून बघितलीस तर आत करडा लगदा असतो. केस, त्वचा आणि तेल. म्हणून नियम कर: आधी साबणाने अंघोळ, मगच टब. डोक्याला तेल लावून तर कुणीच उतरायचं नाही. क्लोरीन वापरणार असाल तर पाणी तपासायच्या पट्टीने तपासायचं, १ ते ३ पीपीएम, आणि पीएच ७.२ ते ७.८. क्लोरीनच्या गोळ्या बाथरूमच्या ॲसिडजवळ ठेवू नकोस. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. फिल्टर नसेल तर दोन-तीन दिवसांत पाणी बदलावंच लागतं. टँकरच्या दिवसांत हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतं, तेव्हा काढलेलं पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला वापर. बोअरचं पाणी असेल तर चिलरमध्ये क्षार धरतात, तेही लक्षात ठेव.

गणपतीला गावी निघालात की टब रिकामा करून कोरडा पुसून जायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एरवीही झाकण हवं, तेही कुलपाचं, कारण तुझी लेक चिमी सगळीकडे चढते.

शरीराचंही ऐक. उतरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास एकदम वर ओढला जातो, हृदय धडधडतं. दोन-तीन मिनिटांत ते निवळतं. म्हणून हळू उतरायचं, डोकं वर ठेवायचं आणि घरात कुणी जागं नसताना मुळीच उतरायचं नाही. नवशिक्याला १५ अंश पुरे, वेळ एक-दोन मिनिटं. बीपी, हृदयाचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान थोडा वेळ उतरत राहतं, तेव्हा लगेच कढत पाणी न घेता कोरडे कपडे घालून जरा चालायचं.

आणि हे नचिकेतला नक्की सांग. तो जिममध्ये वजनं उचलतो ती दंड कमवायला ना? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा आठवडे व्यायामानंतर लगेच १० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू, हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. वजनं उचलायच्या दिवशी त्याने टबापासून लांबच राहावं.

तेव्हा असं कर. पैसे भरायच्या आधी त्याला डिसेंबर-जानेवारीत महिनाभर पहाटे मोठ्या पिंपात बसू दे. टाकीचं पाणी तेव्हा चांगलं गार असतं, चिलर लागत नाही. पिंप भरणं, उपसणं, घासणं सगळं त्याचं. महिन्याअखेर हौस टिकली तर फिल्टर धुणं, पट्टी लावणं, पाणी बदलणं ही कामं त्याच्या नावावर लिहून घे आणि खुशाल टब आण. नाही टिकली, तर दोघांनीही बादलीभर गार पाण्याने अंघोळ करा. तिला फिल्टर लागत नाही.