वराहज्वराचे मूळ स्थान

पूर्व आफ्रिकेच्या माळरानांत वॉर्टहॉग नावाचे रानडुक्कर बिळात राहते. त्या बिळांच्या भेगांत ऑर्निथोडोरस वर्गातील मऊ अंगाच्या गोचिडी दडलेल्या असतात. नवजात पिलांचे रक्त शोषताना त्या आफ्रिकी वराहज्वराचा विषाणू पिलांच्या शरीरात सोडतात. पिले सहसा आजारी पडत नाहीत. परंतु काही काळ त्यांच्या रक्तात विषाणूंची संख्या पुष्कळ असते. त्या अवधीत त्यांचे रक्त शोषणाऱ्या निरोगी गोचिडी दूषित होतात. मादी गोचिडीच्या अंड्यांतूनही विषाणू पुढील पिढीत उतरतो. अशा रीतीने हे चक्र यजमानाचा जीव न घेता चालू राहते.

युरोपीय वसाहतवाल्यांनी केनियात पाळीव डुकरे नेली, तेव्हा मात्र ती भराभर मरू लागली. माँटगोमेरी या पशुवैद्याने १९२१ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळीव डुकरांत एकदा शिरल्यावर रोगास गोचिडीची गरज उरत नाही. आजारी जनावराचा स्पर्श, मांस व खरकटे यांतूनही तो पसरतो. तो १९५७ साली पोर्तुगालात, २००७ साली जॉर्जियात, २०१८ साली चीनमध्ये आणि २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात पोहोचला.

हा रोग मनुष्यास होत नाही; परंतु डुकरे हीच ज्यांची शिल्लक, त्या कुटुंबांचे सर्वस्व त्यात जाते. म्हणून डुकरांना मांसमिश्रित खरकटे घालू नये, मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये आणि संशय येताच पशुवैद्यास कळवावे. आफ्रिकेतील ते बीळ दूर असले, तरी गोठ्याचे दार आपल्याच हाती आहे.