जो सेटिंग उघडतच नाही, त्याच्यासाठी

चि. चिऊस,


संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या मेलचा कारभार तुझ्याकडे आल्याचं ताईने सांगितलं. फार आनंद झाला. "मामा, गूगलचं ॲडमिन कन्सोल उघडलं की पानामागून पानं येतात, आधी कशाला हात लावू?" असं तू परवा विचारलंस. फोनवर घाईने उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

तू जे डिफॉल्ट ठेवशील, तेच बहुतेकांकडे वर्षानुवर्षं राहणार आहे. आपले शिक्षक, क्लार्क, ग्रंथपाल मेल वाचतात, उत्तर देतात, पुढच्या कामाला लागतात. सेटिंगचं पान उघडणारा त्यांच्यात विरळाच. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोघांचा 2003 साली 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास मिळाला तर वाच. मरणोत्तर अवयवदानासाठी जर्मनीत आपणहून होकार नोंदवावा लागे. तिथे संमतीचं प्रमाण होतं 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर होकार धरला जाई. तिथे ते होतं 99.98 टक्के. दोन्हीकडची माणसं एकच भाषा बोलणारी. काहीच न कळवणाऱ्या माणसाचं मत काय धरायचं, एवढ्याच गोष्टीत फरक होता. तुझ्या कन्सोलमधलं प्रत्येक बटण हेच ठरवत असतं. म्हणून कुठलंही सेटिंग ठरवताना हुशार, हौशी शिक्षक डोळ्यांसमोर आणू नकोस. तालुक्याच्या शाळेतले ते क्लार्क आण, ज्यांना हे पान असतं हेही माहीत नाही. तू ठरवशील ते त्यांच्या वतीने ठरवलेलं असेल.

आता तुझा प्रश्न. पहिले काही दिवस एकही बटण दाबू नकोस. आधी ओयूची, म्हणजे ऑर्गनायझेशनल युनिट्सची, रचना नीट समजून घे. वर अख्खी संस्था, तिच्याखाली शाळा, कॉलेजं, कार्यालय आणि त्यांच्या पोटात कर्मचारी नि विद्यार्थी, असं ते झाड असतं. वरचं सेटिंग आपोआप खाली उतरतं. पण खालच्या एखाद्या ओयूत कुणी ते पूर्वी वेगळं करून ठेवलं असेल, तर वर कितीही बदल केलास तरी तिथे जुनंच चालू राहतं. तुझ्याआधी तिथे दोघा-तिघांनी काम केलेलं आहे; आपापल्या काळात, आपापल्या अडचणीपुरतं प्रत्येकाने काहीतरी वेगळं केलेलं असणार. ते शोध. प्रत्येक ओयूत जाऊन कुठलं सेटिंग वरून आलेलं आहे आणि कुठलं तिथेच बदललेलं आहे, याची नोंद कर. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजाने चालतं. आणि एक लक्षात ठेव: एका माणसाचं खातं एका वेळी एकाच ओयूत असतं. म्हणून इमारतींच्या नावाने ओयू करत बसू नकोस. ज्यांना सेटिंग वेगळं हवं त्यांच्यासाठीच वेगळी ओयू कर.

त्यानंतर सगळ्यात आधी आपोआप फॉरवर्ड होणाऱ्या मेलकडे बघ. गूगलच्या व्यवस्थेत कुणीही आपला सगळा मेल बाहेरच्या पत्त्यावर वळवू शकतो. ती मुभा मुळातच खुली असते. मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडे हे मुळात बंद ठेवलं आहे, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोर बरेचदा पहिलं काम करतो ते फॉरवर्ड लावण्याचं. मग पासवर्ड बदलला, सगळे निर्धास्त झाले, तरी प्रत्येक मेलची प्रत त्याच्याकडे जातच राहते. चोर नसला तरीही घोळ होतोच. एखादे सर परीक्षा विभागात असताना सोयीसाठी मेल स्वतःच्या खासगी खात्यावर वळवतात, आणि मुलांचे गुण, जातीचे दाखले, आधारच्या प्रती तिकडे साठत राहतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या मुलांच्या पालकांनी कागद संस्थेला दिले होते, सरांच्या खासगी खात्याला नव्हे.

मात्र हे एका फटक्यात बंद करू नकोस. लोक फॉरवर्ड का लावतात, ते आधी विचार. बरेचदा कळेल, की प्राचार्यांचा मेल त्यांचे क्लार्क बघतात आणि त्यासाठी एकतर फॉरवर्ड लावलेलं असतं, नाहीतर प्राचार्यांचा पासवर्डच टेबलाच्या काचेखाली असतो. त्यावर जीमेलमध्येच चांगला उपाय आहे. ॲडमिनने मेल डेलिगेशनची परवानगी दिली, की क्लार्क स्वतःच्या लॉगिनने प्राचार्यांचा इनबॉक्स उघडू शकतात, उत्तर देऊ शकतात. पासवर्ड मात्र त्यांना बदलता येत नाही आणि कळावाही लागत नाही. आधी कार्यालयाच्या ओयूत हे चालू कर, दोन-तीन प्राचार्यांकडे स्वतः जाऊन बसवून दे, आणि मग फॉरवर्ड बंद कर. गरज भागवल्याशिवाय दार लावलंस तर लोक खिडकीतून जातील, आणि ती खिडकी तुला दिसणारही नाही.

दुसरी तातडीची गोष्ट ग्रुपची. 'सर्व कर्मचारी' नावाचा ग्रुप तुमच्याकडे असणारच. त्यावर कोण लिहू शकतं ते आजच बघ. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर 2016 मध्ये चाचणीचा एक मेल आठ लाखांहून जास्त खात्यांवर गेला. लोकांनी 'रिप्लाय ऑल' करून 'मला का पाठवलं', 'माझं नाव काढा' असं लिहायला सुरुवात केली आणि आरोग्यसेवेची अख्खी मेलव्यवस्था मंदावली. या प्रकाराला आवर घालायला मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये एक्सचेंज ऑनलाइनमध्ये सोय आणली: पाच हजारांवर लोकांना तासाभरात दहा 'रिप्लाय ऑल' गेले, की पुढचे चार तास ती साखळी अडवायची. तुमची संस्था तेवढी मोठी नाही, पण मुख्याध्यापकांच्या बढतीच्या मेलला दोनशे जणांनी 'अभिनंदन सर' लिहिलं, की त्याखाली शिष्यवृत्तीची शेवटची तारीख गाडली जाते. नुकसान कुणाचं होतं? ज्या मुलीचा अर्ज राहिला तिचं. तो ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेव, लिहिण्याचा अधिकार चार-पाच जणांना दे, आणि विभागांचे छोटे ग्रुप गप्पांना मोकळे सोड.

शाळेतल्या मुलांच्या खात्यांबाबत मी जास्त कडक आहे. त्यांना मेल फक्त संस्थेच्या डोमेनमधून आणि तू ठरवलेल्या मोजक्या पत्त्यांवरूनच यावा-जावा, अशी मर्यादा घालता येते. ती घाल. कुणी तक्रार केली तर ऐकून घे, पत्ता योग्य असेल तर यादीत वाढव. मर्यादा मात्र उठवू नकोस. सीनियर कॉलेजला हा नियम लावू नकोस. त्यांना नोकरीचे, प्रवेशाचे मेल बाहेरूनच येणार असतात.

काही गोष्टी तुझ्या हातात नाहीत, हेही समजून घे. पाठवलेला मेल मागे घ्यायची जीमेलमधली मुदत मुळात पाच सेकंदांची असते, ती तीसपर्यंत वाढवता येते. पण ज्याची त्यानेच, सगळ्यांसाठी कन्सोलमधून नाही. त्यामुळे नवा माणूस रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसून एवढं तरी करून दे. त्याच बैठकीत टू-स्टेप व्हेरिफिकेशनही लाव. ज्या शिपायांकडे स्मार्टफोन नाही त्यांना बॅकअप कोड छापून दे, आणि ते कपाटात ठेवायला सांग, मॉनिटरला चिकटवायला नको.

संस्थेच्या नावाने आलेला मेल खरा आहे का हे तपासू देणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांच्याबद्दल तुला माझ्याहून नवं माहीत असेल. तरी एवढंच: फी भरून घेणारी कंपनी, निकाल पाठवणारी कंपनी, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, असे कितीतरी जण संस्थेच्या नावाने मेल पाठवत असतात. त्यांची यादी होईपर्यंत डीमार्क 'नन'वरच ठेव आणि येणारे अहवाल वाच. मग 'क्वारंटाइन', आणि सगळं सुरळीत दिसलं की 'रिजेक्ट'. एसपीएफच्या नोंदीत डीएनएसच्या दहाच चौकश्या चालतात, अकराव्याला नोंदच बाद ठरते. जुन्या, करार संपलेल्या कंपन्या तिथून काढून टाक. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं आहे, आणि प्रवेशाच्या हंगामात तुम्ही तो आकडा सहज गाठाल.

बदल करशील तो आधी चाचणीच्या ओयूत कर. तिथे स्वतःचं एक खातं आणि चिडचिड न करणाऱ्या दोन शिक्षकांची खाती ठेव. गूगलचा बदल सगळीकडे पोहोचायला चोवीस तासही लागू शकतात, म्हणून लगेच दिसला नाही तर घाबरून उलटसुलट बटणं दाबू नकोस. परीक्षेच्या, प्रवेशाच्या आठवड्यात काहीही बदलू नकोस. आणि बदलाआधी लोकांना साध्या मराठीत चार ओळी पाठव: काय बदलतंय, कधी, तुम्हाला काय करावं लागेल, अडलं तर कुणाला फोन करायचा. ही सूचना दरवेळी तुझ्या नावाने जाऊ दे. 'आयटी विभाग' अशा सहीच्या मेलला उत्तर द्यायला माणूस कचरतो.

सुपर ॲडमिनची दोन खाती ठेव, दुसरं प्राचार्यांच्या विश्वासातल्या माणसाकडे दे, आणि तुझा रोजचा मेल त्या खात्यातून वाचू नकोस. प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि आधी काय होतं ते एका वहीत लिही. तू रजेवर असशील तेव्हा ती वही दुसऱ्याच्या हाती पडली पाहिजे.

ओयूचं झाड कागदावर काढलंस की फोटो पाठव. कुठल्या फांदीवर काय बदललेलं आहे ते लाल पेनाने लिही. दिवाळीत येशील तेव्हा बसून पाहूच, पण फॉरवर्ड आणि ग्रुपचं दिवाळीपर्यंत थांबवू नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा