विहिरीत पडणारा दगड



हातातला दगड सोडला की खाली पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो एकाच वेगाने पडतो का? नाही. पृथ्वी त्याला सारखी ओढत असते, म्हणून त्याचा वेग वाढतच जातो. पृथ्वीला ओढण्याची शक्ती आहे, असे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथात लिहिले. जेवढा वेळ जास्त तेवढा वेग जास्त, हा नियम पुढे इटलीच्या गॅलिलिओने दाखवला.

पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ३२ फुटांनी वाढतो. या वाढीला त्वरण म्हणतात.

१ सेकंद : अंतर १६ फूट, वेग सेकंदाला ३२ फूट
२ सेकंद : अंतर ६४ फूट, वेग सेकंदाला ६४ फूट
३ सेकंद : अंतर १४४ फूट, वेग सेकंदाला ९६ फूट

बघा, वेळ दुप्पट झाला की वेग दुप्पट होतो, पण अंतर चौपट!

जड वस्तू आधी पडते का? वहीवर तिच्याहून लहान कागद ठेवून वही आडवी सोडा. दोन्ही बरोबर पडतात. सुटा कागद तरंगतो तो हवेमुळे. चंद्रावर हवा नाही. तिथे १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने हातोडा व पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबरच पडले.

मी आबांबरोबर आमच्या विहिरीत खडा सोडला. दीड सेकंदाने ‘डुबुक’ आवाज आला. १६ × १.५ × १.५ = ३६ फूट. मग आबांनी दोर सोडून मोजला, तो ३५ फूट भरला. आवाजाला वर यायलाही थोडा वेळ लागतो, म्हणून एवढा फरक.

आता महत्त्वाचे. उन्हाळ्यात आपल्याकडे विहिरींचे खोदकाम चालते. यारीने दगड-मुरूम वर ओढतात आणि खाली माणसे राबत असतात. ६४ फूट खोल विहिरीच्या काठावरून सुटलेला दगड तळाशी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने पोचतो. म्हणजे पळत्या एस. टी.चा वेग! खालच्याला बाजूला सरायला अवघे दोन सेकंद मिळतात.

म्हणून काठावरचे दगड आधी लांब सारावेत. खाली उतरणाऱ्याने डोक्याला हेल्मेट घालावे. यारी वर जाताना तिच्याखाली उभे राहू नये. आणि मित्रांनो, विहिरीत माणसे असताना गंमत म्हणूनही खडा टाकू नका. मोठं माणूस बरोबर नसेल तर काठावर वाकूच नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी, बावडा