शिवण उसवली तेव्हा

बाराव्या दिवशी सकाळी ड्रेसिंग ओलं लागलं. उजव्या स्तनाखाली उभी आणि आडवी शिवण जिथे मिळते, नेमके तिथलेच टाके उसवले होते. जखम अंगठ्याच्या नखाएवढी, पण भरायला सात आठवडे लागले.

स्तन लहान करायची शस्त्रक्रिया मी हौसेनं केली नव्हती. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडल्या होत्या, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटायची, मान कायम धरलेली. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८८ किलो. म्हणजे बीएमआय ३६ च्या वर. पहिल्या सर्जन म्हणाल्या, "ताई, सहा महिने थांबा. थोडं वजन उतरवू, मग करू." मला ते लागलं. छातीच्या ओझ्यानं चालवत नाही, म्हणून तर ऑपरेशन हवंय ना! मी दुसरीकडे तारीख घेतली. तरी मनात टोचत होतं, म्हणून आधीचे तीन आठवडे जवळजवळ उपाशी काढले. लिंबूपाणी, पपई, रात्री ताक. चार किलो उतरले, आणि मला वाटलं, जिंकले.

पुढे ड्रेसिंग करताना डॉक्टरांनी समजावलं. चरबीच्या थराला रक्त मुळातच कमी मिळतं, त्यामुळे जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. स्तन जड असेल तर स्तनाग्र बरंच वर न्यावं लागतं. ते ज्या मांसल पट्ट्यावर जिवंत राहतं, तो जितका लांब, तितकं टोकाला रक्त पोचणं अवघड. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वजनासोबत वाढतो. आणि नवी कातडी विणायला लागतात प्रथिनं. तीच मी उपासात घालवली होती.

म्हणून सांगते, वजन जास्त आहे म्हणून ही वाट बंद होत नाही. जाड बायकांचीही पाठदुखी या ऑपरेशननं कमी होते, आणि होणारे त्रास बहुतेक माझ्यासारखे, ड्रेसिंगनं भरून येणारे असतात. पण वजन काट्यावर करून खरं सांगा. उतरवायचं तर महिन्यांच्या हिशेबानं, डाळ, अंडी, उसळी पोटभर खाऊन, आणि ते काही महिने एका जागी टिकू द्या. नंतर खूप उतरलं तर स्तनांचा आकार पुन्हा ओघळतो. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आधीच करून घ्या. मशेरी लावत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, मग ती ओढलेली असो की दातांना घासलेली. आमच्या घरातल्या बायका हे सांगतच नाहीत, कारण मशेरीला त्या व्यसन मानत नाहीत.

माझी आतेबहीण आता याच ऑपरेशनच्या विचारात आहे. डॉक्टरांकडे जाताना मी तिच्यासोबत गेले. "काही खाता, लावता का?" असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग पर्समधली मशेरीची डबी काढून टेबलावर ठेवली.