जात एकच, घाव वेगळे : वयात येणाऱ्या मुलामुलींचे मन

1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. हे नियतकालिक 1842 मध्ये आपल्या अहमदनगरलाच सुरू झाले होते. जातीच्या छळाबरोबर मुक्ताने छपराविना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे दुःखही मांडले. जात आणि बाईपण एकाच देहावर एकदम कसे कोसळते, हे तिने त्या वयात ओळखले होते.

मुलग्यांवर तोच भार वेगळ्या रीतीने येतो. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नितीन आगे या 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या रागातून तो केल्याचा आरोप होता. 2017 मध्ये खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले.

आपला मुलगा वयात आला की लोकांना तो धोका वाटतो. मुलगी वयात आली की तिला कोणीही काहीही बोलावे, असे त्यांना वाटते. अमेरिकेतही काळ्या मुलग्यांकडे संशयाने पाहिले जाते, तर काळ्या मुलींना वयापेक्षा मोठ्या समजून त्यांचे बालपणच नाकारले जाते.

सतत सावध राहणाऱ्या शरीराला विसावा मिळत नाही. झोप उडते, डोके-पोट दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मुलगा बऱ्याचदा चिडतो, भांडतो, गुटख्याकडे वळतो. आपण त्याला वाया गेलेला ठरवतो. मुलगी गप्प होते, शाळा नको म्हणते. आपण तिला शहाणी झाली म्हणतो. दोघेही आतून दुखावलेले असू शकतात.

घरी एवढे करा :

• ‘सोडून दे, लक्ष देऊ नको’ म्हणू नका. आधी पूर्ण ऐका. ‘यात तुझी चूक नाही,’ हे तोंडाने सांगा.
• मुलग्यालाही विचारा. पोरगा रडला तर हसू नका.
• भीतीपोटी मुलीची शाळा सोडवून लग्न उरकू नका. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, असे होते.
• घडलेल्या प्रकाराची तारीख, जागा, शब्द, साक्षीदार वहीत लिहून ठेवा.
• दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर सरकारी दवाखान्यात समुपदेशनाची चौकशी करा. जीव देण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका, एकटे सोडू नका.

मोफत फोन : मानसिक आरोग्यासाठी 14416, मुलांच्या मदतीसाठी 1098, जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566. हे तीन आकडे भिंतीवर, मुलांना दिसतील असे लिहा.